३४ लॅपटॉपची वही

२ नोव्हेंबर २०२५

सकाळी गाडी आली. आम्ही जुने लॅपटॉप दुरुस्त करून हवे असलेल्यांना देतो; आज एका कार्यालयाने काढून टाकलेले आले, मोजून ३४. त्यांच्या यादीत ३६ होते. उरलेल्या दोघांचं काय, असं विचारलं तर "बघतो" म्हणाले. आम्ही वहीत ३४ लिहिले आणि सही घेतली.

यंत्रं आठ ते अकरा वर्षांची आहेत, इंटेलच्या चौथ्या ते सातव्या पिढीची. बहुतेक मेलेली नाहीत, नकोशी झाली आहेत. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबरला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर. एकेका वर्षाची वाढीव मुदत घेता येते, पण कार्यालयं त्या भानगडीत पडत नाहीत, सरळ नवीन घेतात. ऑक्टोबरपासून आम्हाला रोज कुणी ना कुणी फोन करतंय तो याचमुळे.

गाडीत दोन जुने काचेच्या नळीचे मॉनिटर आणि एक भलामोठा प्रिंटरही होता. हे घ्यायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे. त्या नळीच्या काचेत शिसं असतं, ती दुरुस्त करून कुणाला देता येत नाही, आणि प्रिंटरची शाई त्या प्रिंटरपेक्षा महाग पडते. पण गाडीवाला निघायच्या घाईत आणि आम्ही भिडस्त. ठेवून घेतले. कोपऱ्यात आहेत.

३ नोव्हेंबर

प्रत्येकावर पट्टी चिकटवली, १ ते ३४. चार्जर मात्र २१ निघाले आणि पिनांचे प्रकार चार. शिवाय त्यातले तीन चार्जर या लॅपटॉपांचे नव्हेतच, कुठल्या तरी राउटरचे आहेत. म्हणजे खरे १८.

सरांनी (आमच्यातले निवृत्त शिक्षक, इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे) फळ्यावर लिहून ठेवलं: व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. १९.५ व्होल्टच्या यंत्राला १२ चा चार्जर जोडून "चार्जच होत नाही" म्हणणारे भेटले आहेत, त्यामुळे हे फळ्यावर असलेलं बरं.

९ नोव्हेंबर

आज फक्त बॅटऱ्या.

११ नंबर टेबलावर ठेवला तर डुगडुगत होता. टचपॅड एका कोपऱ्याने वर आलेला, क्लिक होत नव्हता. मागचे स्क्रू सैल करताना शेवटचा निघाला तसं झाकण आपोआप उचललं गेलं. आत तीन पाऊच, तिन्ही उशीसारखे टम्म. लिथियम बॅटरीतलं इलेक्ट्रोलाइट (आतलं रसायन) विघटित होऊन वायू तयार होतो, म्हणून ती फुगते. वर्षानुवर्षं लॅपटॉप टेबलावर, चार्जर कायम लावलेला, बॅटरी १०० टक्क्यांवर आणि वरून गरम. कार्यालयातल्या यंत्रांची ही ठरलेली गत.

काढताना कधीही स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नाही. आधी कनेक्टर सुटा करायचा, मग खालचा डिंक प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने हळूहळू सोडवायचा. धाकट्याने (कॉलेजात आहे, लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी टाकायच्या फुकटच्या प्रणालीचं, खातं त्याच्याकडे) घाईत धातूची पट्टी उचलली, तेव्हा सर इतक्या जोरात ओरडले की पट्टी त्याच्या हातातून पडली. पाऊचला भोक पडलं तर आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेतो, आणि ती आग फुंकर मारून विझत नाही. टोकांना चिकटपट्टी लावून बॅटरी वाळूच्या बादलीत. अशा पाच निघाल्या.

बाकीच्यांचा हिशोब संगणकच सांगतो: मूळ क्षमता किती होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती भरते. ७ नंबरची मूळ ४८ वॉट-तास, आता १९. म्हणजे ४० टक्के. आमची रेषा ६० वर. त्याखालची बॅटरी काढून टाकायची आणि यंत्र "फक्त चार्जरवर चालेल" असं स्पष्ट लिहून द्यायचं. ताईचं (नोंदी आणि फोन तिच्याकडे) म्हणणं की बॅटरी नसलेला लॅपटॉप म्हणजे शेपूट लावलेला डबा. बरोबर आहे. पण तासाभरात बंद पडणारी बॅटरी असण्यापेक्षा लोकांना तो परवडतो, कारण निदान फसवल्यासारखं वाटत नाही.

१६ नोव्हेंबर

डेटा पुसणे. दिवसभर तेच.

कार्यालयाने सांगितलं होतं, "सगळं फॉरमॅट करून दिलंय." २ नंबरची डिस्क जोडून फायली परत आणणारा एक फुकटचा प्रोग्राम चालवला. दहा मिनिटांत फायलींची यादी पडद्यावर सरकायला लागली: पगारपत्रकं, ओळखपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, कुणाच्या तरी लेकराचे फोटो. नावं बघूनच बंद केलं, एकही फाईल उघडली नाही. झटपट फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं जागच्या जागी असतात. त्या कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं, "अच्छा, मग तुम्ही पुसून टाका ना." पुसलंच असतं हो. पण हीच यंत्रं भंगारात गेली असती तर?

३४ पैकी २९ मध्ये फिरत्या डिस्का, पाचात एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी). दोघांची रीत वेगळी.

फिरत्या डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्यं लिहिली आणि तपासून पाहिलं की झालं. धाकटा ३५ वेळा लिहायचं म्हणून अडून बसला. ते ३५ चं प्रकरण १९९६ च्या एका शोधनिबंधातलं आहे आणि त्या काळच्या डिस्का ज्या निरनिराळ्या पद्धतींनी डेटा लिहायच्या, त्या सगळ्यांना पुरून उरावं म्हणून काढलेलं. आजच्या डिस्कला त्याची गरज नाही. शिवाय ५०० जीबीची डिस्क एकदा भरायला सेकंदाला ९० एमबीच्या वेगाने दीड तास लागतो. ३५ वेळा म्हणजे एका डिस्कला दोन दिवसांच्या वर. २९ डिस्कांचा गुणाकार त्यालाच करायला लावला. गप्प बसला.

एसएसडीवर हा उपाय चालत नाही. तिच्यातला कंट्रोलर झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून लिखाण वेगवेगळ्या पेशींत फिरवत असतो, त्यामुळे आपण "इथे लिही" म्हटलं तरी जुना मजकूर दुसरीकडे शिल्लक राहू शकतो. तिला तिचाच पुसण्याचा हुकूम द्यायचा, सिक्युअर इरेज. आणि इथे दोन तास गेले. हुकूम दिला की उत्तर यायचं "फ्रोझन". बरीच यंत्रं सुरू होतानाच डिस्कला कुलूप घालतात, कुणा व्हायरसने हा हुकूम परस्पर देऊ नये म्हणून. शेवटी आठवलं: लॅपटॉप झोपवायचा आणि जागा करायचा. झाकण मिटलं, दिवा मंद लुकलुकायला लागला, उघडलं. कुलूप गेलं. एक मिनिटाच्या आत एसएसडी कोरी. यापेक्षा हास्यास्पद आणि यापेक्षा उपयोगी युक्ती मला माहीत नाही.

डिस्कांची तब्येतही पाहिली. खराब झालेले सेक्टर बाजूला टाकून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले की डिस्क त्याची मोजणी ठेवते. हा आकडा शून्य असेल तर ठीक, वाढत असेल तर नको. पाचापैकी एक एसएसडी आजारी निघाली. चार राहिल्या.

२० नोव्हेंबर

माझी चूक, म्हणून मीच लिहितो.

"डिस्प्ले येत नाही, बोर्ड डेड" असं म्हणून आठ यंत्रं बाजूला काढली होती. त्यातली १९ आणि २२ ही दोन्ही आल्या दिवशी व्यवस्थित चालू होती, हे ताईच्या वहीत स्पष्ट लिहिलेलं सापडलं. मग मेली कधी? मीच गेल्या रविवारी त्यांची रॅम वाढवली होती, आमच्या खणातल्या जुन्या पट्ट्या घालून. पट्टी काढून उजेडात धरली: "पीसी३". यंत्राची मूळ पट्टी: "पीसी३एल". त्या एका "एल" मध्ये सगळं आहे. साधी डीडीआर३ रॅम दीड व्होल्टवर चालते, एलवाली १.३५ वर. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला फक्त एलवालीच चालते. पट्ट्या आकाराने हुबेहूब, खाचही त्याच जागी, बसताना "टक्" असा आवाजही तोच. फक्त पडदा काळा.

मूळ पट्ट्या घातल्या, दोन्ही जिवंत. मेलेली आता सहा. खणातल्या पट्ट्यांच्या दोन वेगळ्या डब्या केल्या. सर काही बोलले नाहीत, नुसतं फळ्यावर मोठा "एल" काढून गेले.

२३ नोव्हेंबर

पंखे, धूळ, पेस्ट. १४ नंबरच्या पंख्यामागे लोकरीच्या पट्टीसारखी धूळ जमली होती, सलग, चिमटीत धरून अख्खी निघाली. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. साफ करून नवी लावली. काम करताना ९७ अंशांवर जात होता, आता ७४.

दुपारी चार्जिंगच्या पिना. चार यंत्रांत पिन हलत होती. ५ नंबरला पिनेचा डाग (सोल्डरचा जोड) उकलायला सरांना पाऊण तास लागला. कारण हे की २००६ च्या जुलैपासून युरोपात शिशावर बंदी आली आणि हळूहळू जगभरचे बोर्ड बिनशिशाच्या डागांचे झाले. कथील-शिशाचा जुना डाग १८३ अंशांना वितळायचा, आताचा २१७ च्या पुढे. त्यात पिनेचा एक पाय बोर्डातल्या तांब्याच्या मोठ्या पत्र्याला जोडलेला. कावियाची सगळी उष्णता तो पत्राच ओढून घेतो. सरांची युक्ती अशी की जुन्या डागात थोडं शिशाचं सोल्डर मिसळायचं. दोघं मिसळले की मिश्रण लवकर वितळतं, मग तांब्याच्या वातीने टिपून घ्यायचं. पर्यावरणासाठी चाललेल्या कामात शिसं कसं चालतं, असं धाकट्याने विचारलंच. टिपलेलं सगळं वेगळ्या डबीत ठेवतो, त्यावर "शिसं" लिहिलेलं आहे, आणि काम झालं की हात धुतो. याहून चांगलं उत्तर आमच्यापाशी नाही.

३० नोव्हेंबर

कुलपं. तीन लॅपटॉपांना बायोसचा (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) पासवर्ड. देणाऱ्या कार्यालयाला क्रमांक पाठवले होते. दोघांचे पासवर्ड आले. तिसऱ्याबद्दल "ते बघणारा माणूस सोडून गेला, आम्हाला माहीत नाही."

इंटरनेटवर अशी कुलपं तोडायचे उपाय मिळतात. आम्ही करत नाही. हेच कुलूप चोरीचा माल निरुपयोगी करतं. आज आपण "चांगल्या कामासाठी" तोडायला शिकलो की उद्या येणाऱ्या प्रत्येक यंत्राबद्दल हे कुणाचं, हा प्रश्न विचारायचा हक्क जातो. ३० नंबर सुट्या भागांत गेला. पडदा, कीबोर्ड, रॅम, पंखा: त्यातून दोन दुसरी उभी राहिली, तेव्हा वाया गेला म्हणता येत नाही. तरी चीड येते. धडधाकट यंत्र, केवळ कुणीतरी एक ओळ लिहून ठेवली नाही म्हणून.

फोनांचं तर याहून वाईट. मध्यंतरी कुणीतरी पिशवीभर फोन आणून दिले, निम्म्याहून जास्त जुन्या मालकाच्या खात्याला बांधलेले. रीसेट केला तरी जुनाच ईमेल आणि पासवर्ड मागतात. फोन देणाऱ्याने आधी सेटिंगमध्ये जाऊन खात्यातून बाहेर पडावं, मगच रीसेट करावा. एवढं केलं तर फोन कुणाच्या तरी कामी येतो.

७ डिसेंबर

वर्गणीतून २२ एसएसडी आल्या. जुन्या चार धरून २६. बसवल्या. ९ नंबरला सुरू व्हायला आधी एक मिनिट पन्नास सेकंद लागायचे, आता २२ सेकंद. अकरा वर्षांच्या यंत्रात प्रोसेसर म्हातारा झालेला नसतो, डिस्क झालेली असते.

सगळ्यांवर लिनक्स मिंट, हलक्या एक्सएफसीई रूपातलं. आठ जीबी रॅम असेल तर ब्राउझर मोकळा श्वास घेतो. चारवर दहा टॅब उघडले की धाप लागते. चारवाले फक्त लिहिणं-वाचणं करणाऱ्यांसाठी बाजूला ठेवले.

१४ डिसेंबर

हिशोब: ३४ आले. सहा बोर्ड गेलेले, एक कुलूपबंद, एक मध्येच बंद पडतो आणि कारण सापडत नाही. तयार २६.

संध्याकाळी वाद झाला. सर म्हणाले, एकदाच कार्यक्रम ठेवू, सगळे देऊन टाकू, फोटोही निघतील, पुढची वर्गणी सोपी जाईल. ताई म्हणाली, मागच्या वेळी तसंच केलं होतं. तेव्हाची वही तिने पुढे ठेवली. "दिले: १५." पुढे काहीच नाही. त्या पंधरांचं काय झालं हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. सरांनी चष्मा काढून पुसला. "तुझं बरोबर आहे," म्हणाले.

ठरलं: एकेकाला बोलवायचं, प्रत्येकी चाळीस मिनिटं. २२ द्यायचे, चार बदलीसाठी ठेवायचे. आणि वहीत "दिले" च्या शेजारी नवा रकाना, "चालू आहे". तो महिन्याने भरायचा.

२१ डिसेंबर

पहिले आठ गेले. "लॅपटॉप हवाय का" असं न विचारता "काय करायचंय" असं विचारतो.

एक आजोबा आत्मचरित्र लिहितायत, त्यांना अक्षरं मोठी हवी होती आणि बाकी काहीही नको होतं. पडद्यावरचे सगळे आयकॉन काढून एकच ठेवला. एक मुलगी प्रोग्रामिंग शिकतेय, तिने रॅम किती, प्रोसेसर कोणता हे आम्हालाच विचारलं. तिला सातव्या पिढीचा दिला.

एक ताई शिवणकाम करतात. ग्राहकांना नमुने दाखवायला आणि हिशोबाला काहीतरी हवं होतं. अर्ध्या तासाच्या गप्पांनंतर त्याच म्हणाल्या, "अहो, हे उघडून बसवायचं कुठे? मशीनशेजारी जागाच नाही." त्यांना पिशवीतल्या फोनांपैकी मोकळा असलेला एक मोठ्या पडद्याचा फोन दिला. त्यांच्या वाट्याचा लॅपटॉप यादीतल्या पुढच्याला गेला.

पासवर्ड प्रत्येकाने स्वतः टाकायचा, आम्ही बघायचं नाही. पहिल्याच तिघांनी आम्हाला "तुम्हीच टाका" म्हटलं.

२८ डिसेंबर

नऊ गेले.

४ जानेवारी २०२६

उरलेले पाच गेले. मग उरलेल्या सामानाची वर्गवारी: बॅटऱ्या, बोर्ड, डिस्का, तारा, प्लास्टिक. परवानाधारक पुनर्चक्रणवाल्याकडे देणार आहोत, आणि कुठे नेऊन काय करणार हे त्याच्याकडून लेखी घेणार आहोत. नाहीतर तारा उघड्यावर जाळून तांबं काढतात, बोर्ड आम्लात बुडवून सोनं काढतात, आणि तो धूर नि ते पाणी जवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला येतं. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावरचा बासेल करार १९८९ चा. २०२५ च्या १ जानेवारीपासून घातक नसलेला ई-कचरासुद्धा दुसऱ्या देशात पाठवायचा तर त्या देशाची आधी संमती लागते. कागदावर तरी दार लावलेलं आहे.

धाकट्याने विचारलं, आपल्या ३४ ने काय फरक पडतो? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद होती फक्त २२.३ टक्क्यांची. त्यात आपले हे ३४. काही फरक पडत नाही, असं मी म्हटलं. मग तो टोकियो ऑलिंपिकचं सांगायला लागला: ६२ लाख फोन आणि इतर यंत्रांचे जवळजवळ ७९ हजार टन गोळा करून त्यातून ३२ किलो सोनं निघालं, पदकं झाली. मोठंच काम. पण यंत्र घडवताना खाणीपासून कारखान्यापर्यंत जी ऊर्जा खर्ची पडली, ती वितळवून परत मिळत नाही. लॅपटॉपच्या कार्बनचा मोठा वाटा तो पहिल्यांदा चालू होण्याआधीच हवेत गेलेला असतो. २६ चा फरक पडतो तो इथे, चालू राहिले तर.

प्रिंटर आणि दोन मॉनिटर अजून कोपऱ्यात. पुनर्चक्रणवाला पुढच्या फेरीत नेतो म्हणाला.

२५ जानेवारी

ताईने बावीसही जणांना फोन केले. रकाना भरला: चालू १५. बंद चार. फोन लागत नाही, दोन. एकाने विकला.

विकलेल्याबद्दल सर चिडले. मला तितकंसं वाटलं नाही. ज्याने विकत घेतला तो वापरतच असेल की.

चार बंद का, हे जास्त महत्त्वाचं. एकाचा चार्जर गेला. आम्ही दिलेलाच मुळात तात्पुरता, जुळवून आणलेला होता. एकजण पासवर्ड विसरला. एकीच्या घरचं वायफाय बदललं, नवं कसं जोडायचं कळेना, म्हणून महिनाभर कपाटात. चौथ्या बाई म्हणाल्या, "त्यावर एकदा काहीतरी इंग्रजीत आलं, मी घाबरून बंद केला." अपडेटची सूचना होती. चारांतलं एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं.

८ फेब्रुवारी

तिघं पुन्हा सुरू झाले. बाईंच्या लॅपटॉपची भाषा बदलली, आणि ती सूचना आली की कुठलं बटण दाबायचं हे त्यांच्याच हाताने कागदावर लिहायला लावलं. तो कागद त्यांनी झाकणाच्या आत चिकटवला. पासवर्ड विसरलेल्याला नवीन टाकून दिला, या वेळी त्याने बघू दिला नाही, हे बरं झालं. चार्जर गेलेल्याचं अजून अडलंय. त्याच्या पिनेचा चार्जर आमच्याकडे एकही नाही. चालू १८.

संध्याकाळी दुसऱ्या एका कार्यालयाचा फोन. साठ लॅपटॉप आहेत, उद्याच गाडी पाठवतो, जागा अडलीय म्हणाले. ताईने फोन माझ्या हातात दिला. मी विचारलं, चार्जर किती आहेत?

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "मोजून सांगतो."